सरासरी नेमकी कोणाची? वर्षांची आणि विभागांची गुणसरासरी ताडून पाहण्याची रीत

निकाल हातात आले की महाविद्यालयात एक बैठक ठरलेली असते. पडद्यावर स्तंभालेख, खाली विभागांची नावं, डावीकडे सरासरी ग्रेड पॉइंट, म्हणजे गुणांवरून मिळणारा ० ते १० मधला अंक. ज्यांचा स्तंभ सगळ्यात बुटका, त्या विभागप्रमुखांकडे सगळ्यांच्या माना वळतात. एका वर्षी तो आलेख मी तयार केला होता. ५.९ सरासरी आलेल्या विभागाकडून लेखी खुलासा मागवला गेला. सरांनी तो मुकाट्याने लिहून दिला, जादा तास लावायचंही कबूल केलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्याच कामासाठी मी ती फाइल उघडली, तेव्हा लक्षात आलं की त्या विभागाच्या लिपिकाने नापास मुलांपुढे शून्य टाकलं होतं आणि बाकीच्या सगळ्या विभागांनी गॅझेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या निकालपत्रात, असतात तशा नुसत्या रेघा ठेवल्या होत्या. एक्सेलने शून्यं हिशेबात धरली आणि रेघा सोडून दिल्या. विभाग मागे पडलेलाच नव्हता. मी सरांना जाऊन सांगितलं, प्राचार्यांनाही सांगितलं. पण भर बैठकीत जी मान खाली गेली ती गेलीच.

त्यानंतर मी हे काम ज्या पद्धतीने करायला लागले, ती इथे मांडते आहे. पदवी महाविद्यालयात निकाल विश्लेषणाची जबाबदारी अंगावर आलेल्या प्राध्यापकांना, आयक्यूएसीचं (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) काम बघणाऱ्यांना आणि आपल्याच विभागाचा आलेख बुटका का दिसतो हे शोधणाऱ्या विभागप्रमुखांना ती उपयोगी पडेल. कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल पुरतं.

१. प्रश्न आधी कागदावर लिहा

‘विभागनिहाय आणि वर्षनिहाय सरासरी काढून द्या’ असं सांगणाऱ्याच्या मनात चारपैकी एखादा प्रश्न असतो. मुलं वरच्या वर्गात गेल्यावर सुधारतात का? एखाद्या विभागात गुण सढळ हाताने दिले जातात का? अमुक विभागाचं शिकवणं कमी पडतं आहे का? मदतीची गरज कुठल्या वर्गाला आहे? या चारही प्रश्नांना वेगवेगळे तक्ते लागतात. सांगणाऱ्याला परत जाऊन विचारा आणि मिळालेलं उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहून ठेवा. मदत कोणाला हवी हा प्रश्न असेल तर सरासरीच्या मागे लागूच नका, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रापर्यंत किती विषय अडकलेत ते मोजा.

२. आकडे कुठून घ्यायचे आणि कुठल्या तारखेचे

विभागांनी आपापल्या पद्धतीने भरून पाठवलेले तक्ते स्वीकारू नका. परीक्षा विभागाकडून विद्यापीठाचं गॅझेट किंवा लेजर घ्या आणि सगळ्यांसाठी तेच वापरा. एका विद्यार्थ्याच्या एका विषयाला एक ओळ. रकाने असे: पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), विभाग, प्रवेशाचं वर्ष, प्रवेश नियमित की थेट द्वितीय वर्षात, सत्र, विषयाचा कोड, क्रेडिट (विषयाचं वजन), अंतर्गत गुण, लेखी परीक्षेचे गुण, ग्रेड पॉइंट, प्रयत्न कितवा. आसन क्रमांकाच्या भरवशावर राहू नका. तो परीक्षेगणिक बदलतो, पीआरएन बदलत नाही, आणि पुढे दोन वर्षांच्या याद्या एकमेकींना जोडताना सगळी मदार पीआरएनवरच असते.

‘प्रयत्न कितवा’ हा रकाना बहुतेक जण गाळतात. आज अंतिम वर्षात असलेल्या मुलीची पहिल्या सत्राची गुणपत्रिका आज पाहिलीत, तर तिने मधल्या काळात केट्या, म्हणजे राहिलेले विषय, सोडवलेल्या असतात आणि तो एसजीपीए (एका सत्राची ग्रेड पॉइंट सरासरी) धुऊनपुसून स्वच्छ झालेला असतो. यंदाच्या पहिल्या वर्षाचा निकाल मात्र ताजा, केट्यांसकट असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिलं वर्ष विनाकारण वाईट दिसतं. तुलना करायची तर सगळीकडे पहिल्या प्रयत्नाचे गुण घ्या.

निकाल पुनर्मूल्यांकनाच्या आधीचा की नंतरचा, हेही ठरवून टाका. मुंबई विद्यापीठात २०१७ साली उत्तरपत्रिकांचं ऑनस्क्रीन मूल्यांकन सुरू झालं आणि निकाल महिनोन्महिने लांबले. अशा वर्षी जुलैची फाइल आणि डिसेंबरची फाइल यांत बराच फरक निघू शकतो. मी फाइलच्या नावातच तारीख घालते.

३. रेघ, शून्य आणि मधला तिसरा आकडा

आता त्या ५.९ कडे येऊ. वर्गात ६० मुलं, ४८ उत्तीर्ण, उत्तीर्णांचा सरासरी एसजीपीए ७.४. नापास झालेल्या १२ जणांपुढे गॅझेटमध्ये रेघा आहेत.

रेघा तशाच ठेवून एव्हरेजचं सूत्र लावलंत तर उत्तर येतं ७.४, कारण हे सूत्र अक्षरं आणि रिकामे चौकोन मोजतच नाही. रेघांच्या जागी शून्य टाकलंत तर ४८ गुणिले ७.४ म्हणजे ३५५.२, भागिले ६०, म्हणजे ५.९२. दोन्ही आकडे एकाच वर्गाचे. पहिल्यात बारा मुलं गायब आहेत. दुसऱ्यात ती बारा मुलं काहीच न शिकलेली ठरतात, जरी त्यांतली कित्येक जण पाच विषय सुटून एकाच विषयात अडकलेली असली तरी.

मी तिसरा आकडा काढते. नापास विषयाला शून्य ग्रेड पॉइंट, बाकी विषयांना मिळाले ते, आणि भागाकार सगळ्या क्रेडिटांनी. त्या बारा जणांची अशी सरासरी समजा ४.५ आली, तर वर्गाची बेरीज ३५५.२ अधिक ५४ म्हणजे ४०९.२ आणि सरासरी ६.८२ होते. आपल्याला हवा असलेला आकडा हा. तो आयता मिळत नाही, विषयवार ग्रेड पॉइंटवरून स्वतः काढावा लागतो, म्हणूनच दुसऱ्या पायरीत एका विषयाला एक ओळ ठेवली. गैरहजर मुलांचा रकाना मी वेगळा ठेवते. परीक्षेलाच न बसलेल्या मुलाबद्दल त्याचा ग्रेड पॉइंट काही सांगत नाही.

तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएचा अहवाल भरणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. त्यातला शैक्षणिक कामगिरी निर्देशांक असा काढतात: यशस्वी विद्यार्थ्यांची सरासरी गुणिले यशस्वींची संख्या भागिले परीक्षेला बसलेल्यांची संख्या. आपल्या वर्गाचे आकडे घालून पाहा. ७.४ गुणिले ४८ भागिले ६० म्हणजे पुन्हा ५.९२. म्हणजे हे सूत्र अयशस्वी मुलांना शून्य देऊनच सरासरी काढतं. फरक एवढाच की तिथे ‘यशस्वी’ म्हणजे पुढच्या वर्षात जायची परवानगी मिळालेले, त्यामुळे एटीकेटीवर, म्हणजे काही विषय राहूनही सवलतीने, पुढे गेलेली मुलंही त्यात येतात. तो आकडा त्या अहवालासाठी तसाच द्या. फक्त तोच उचलून दुसऱ्या विभागाच्या साध्या सरासरीशेजारी ठेवू नका.

४. क्रेडिटांचं वजन

ही पायरी सोपी आहे, पण चुका इथेही होतात. एका सत्रात चार क्रेडिटांचे चार लेखी विषय, ग्रेड पॉइंट ६, ७, ६, ५. एका क्रेडिटाची चार प्रात्यक्षिकं, ग्रेड पॉइंट ९, १०, ९, १०. आठ आकड्यांची सरळ सरासरी काढली तर ७.७५. क्रेडिटांनी गुणून काढली तर लेखीचे ९६ आणि प्रात्यक्षिकांचे ३८, एकूण १३४, भागिले २० क्रेडिट, म्हणजे ६.७. गुणपत्रिकेवर हाच आकडा छापलेला असतो. ज्या विभागात प्रात्यक्षिकं जास्त, त्याला सरळ सरासरीत आपोआप फायदा होतो. विज्ञान आणि कला शाखा ताडून पाहताना या एका चुकीने सगळं चित्र पालटतं. एक्सेलमध्ये समप्रॉडक्टचं सूत्र क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट या दोन रकान्यांवर लावा आणि क्रेडिटांच्या बेरजेने भागा.

५. मोजायची पट्टी एकच आहे का?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा अंकी पट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ ०. अक्षरं सगळीकडे ओळखीची वाटतात, पण किती टक्क्यांना कुठलं अक्षर हे विद्यापीठागणिक बदलतं, कधी एकाच विद्यापीठात विद्याशाखेगणिकही बदलतं. सीजीपीएला (सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीला) ९.५ ने गुणून टक्के काढायची सवय सीबीएसईच्या दहावीवरून आलेली आहे. आपल्या विद्यापीठाचं सूत्र ज्या परिपत्रकात आहे तेच वापरा, आणि जमेल तिथे रूपांतर टाळून मूळ गुणांवरच काम करा. ग्रेडमध्ये माहिती हरवते. ६० ते ६९ ला एकच अक्षर असेल, तर ५९ आणि ६० मधला एका गुणाचा फरक एका पूर्ण पॉइंटाचा दिसतो आणि ६० ते ६९ मधला नऊ गुणांचा फरक दिसतच नाही.

जिथे सापेक्ष ग्रेडिंग आहे तिथे तर ग्रेडच्या सरासरीची वर्षागणिक तुलना करूच नका. वर्गातल्या गुणांची मांडणी पाहून ग्रेडच्या सीमा ठरवल्या जात असतील, तर त्या वर्षी वर्ग हुशार होता की पेपर सोपा होता, याचा मागमूस सरासरीत उरत नाही.

अभ्यासक्रमाचा पॅटर्न हेही एक वेगळंच माप असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात अभियांत्रिकीचे २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असे पॅटर्न लागोपाठ आले. प्रत्येक वेळी विषय, परीक्षेची रचना, गुणांची वाटणी यांत बदल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली, त्यामुळे काही काळ एकाच इमारतीत पहिलं वर्ष एका रचनेत आणि तिसरं दुसऱ्या रचनेत शिकत होतं. आलेखावर अशा जागी मी उभी तुटक रेघ मारते आणि रेघेच्या अलीकडचे आकडे पलीकडच्यांशी जोडत नाही.

कोविडची वर्षं तर पूर्ण बाजूला ठेवावीत अशी आहेत. यूजीसीने २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावरून आणि निम्मे आधीच्या सत्रावरून देण्याची मुभा दिली. अंतिम वर्षाची परीक्षा मात्र घ्यावी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. पुढे ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षा झाल्या. म्हणजे २०१९-२० मध्ये एकाच महाविद्यालयातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षांचे गुण दोन निराळ्या रीतींनी आले. २०२१ पर्यंत सरासरी उंच आणि २०२२-२३ ला घसरलेली दिसली म्हणून कोणी तुम्हाला जाब विचारला, तर परीक्षापद्धतीचा हा क्रम समोर ठेवा.

६. वर्षांची तुलना: वर्ग सारखा वाटतो, मुलं बदललेली असतात

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. पहिलं वर्ष ६.४, दुसरं ६.९, शेवटचं ७.६ असा चढता आलेख जवळपास प्रत्येक महाविद्यालयात दिसतो आणि प्रत्येक अहवालात त्याखाली ‘विद्यार्थ्यांच्या कामगिरीत सातत्याने सुधारणा’ असं वाक्य असतं. ते वाक्य लिहिण्याआधी पुढचा हिशेब करा. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असा वर्ग तुमच्याकडेही सापडेल.

२०२१ ला पहिल्या वर्षात ६० मुलं. त्यांची सरासरी, नापास विषयांचं शून्य धरून, ६.४. त्यांतली १४ वर्ष वाया गेल्यामुळे मागे राहिली. त्या चौदांची सरासरी ४.८. दुसऱ्या वर्षात ४६ जण गेले आणि पदविकेवरून थेट दुसऱ्या वर्षात १२ नवे आले. दुसऱ्या वर्षाचा पट ५८, सरासरी ६.९. आलेख अर्ध्या पॉइंटाने चढला.

आता त्या ४६ जणांचंच पहिलं वर्ष बघा. एकूण बेरीज ६० गुणिले ६.४ म्हणजे ३८४. त्यातून मागे राहिलेल्यांचे १४ गुणिले ४.८, म्हणजे ६७.२, वजा केले की ३१६.८ उरतात. भागिले ४६, म्हणजे ६.८९. पुढे गेलेली मुलं पहिल्या वर्षीच ६.८९ वर होती. दुसऱ्या वर्षी त्यांची सरासरी ६.८ आली आणि नव्या बारांची ७.२. दोन्ही मिळून ३१२.८ अधिक ८६.४, भागिले ५८, म्हणजे ६.८८.

वर्गाची सरासरी ६.४ वरून ६.९ झाली आणि त्याच वेळी पहिल्यापासून असलेली मुलं ६.८९ वरून ६.८ वर घसरली. सगळी वाढ दोन गोष्टींची: कच्ची मुलं यादीतून गेली आणि पदविकेची मुलं आली. शिकवण्याचा त्यात काहीच वाटा नाही.

म्हणून वर्षांची तुलना करायची ती बॅचची. प्रवेशाचं वर्ष धरा आणि त्या बॅचला पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत पीआरएनने पकडून चला. एक्सेलच्या व्हीलूकअप सूत्राने दोन सत्रांच्या याद्या दोन्ही बाजूंनी जोडल्या की तीन गट आपोआप पडतात: दोन्हीकडे असलेले, मागे राहिलेले किंवा सोडून गेलेले, आणि नव्याने आलेले. पहिल्या गटाचा बदल वेगळा लिहा. दुसऱ्या गटाची नुसती संख्या द्या, आणि ती ठळक द्या. तिसऱ्या गटाला पहिलं वर्षच नसतं, त्यामुळे त्यांचा बदल काढता येत नाही. त्यांची सरासरी स्वतंत्र ओळीत जाऊ द्या.

त्या दुसऱ्या गटाबद्दल मला फार वाटतं. चौदा मुलं म्हणजे तक्त्यातली वजाबाकी नाही. त्यांतला कोणी गावी परतलेला असतो, कोणी रात्रपाळीला लागलेला असतो, एखादीचं लग्न ठरलेलं असतं. सरासरी चढते ती ही मुलं नाहीशी झाल्यामुळे, आणि अहवालात त्यांचा उल्लेखही नसतो. मी या गटाची यादी पीआरएनसकट संबंधित वर्गशिक्षकांकडे पाठवते. त्यांच्यापैकी काहींना अजून फोन करता येतो.

शेवटच्या वर्षाचं आणखी एक सांगते. तिथे प्रकल्प, सेमिनार, इंटर्नशिप यांना बरेच क्रेडिट असतात आणि ते गुण मार्गदर्शक आणि परीक्षक समोरासमोर बसून देतात. तिथे आठच्या खाली सहसा कोणी जात नाही. प्रकल्पाचे क्रेडिट बाजूला काढून फक्त लेखी विषयांची सरासरी एकदा काढून बघा. ७.६ चा आकडा बराच खाली येईल.

७. विभागांची तुलना: आधी वर्षवार मोडा, मग मापं जुळवा

दोन विभाग घेऊ. एकाला नवी तुकडी मिळाली आहे, म्हणून पहिल्या वर्षात ८० मुलं आहेत आणि तिसऱ्यात २०. दुसऱ्याचे प्रवेश आटले आहेत: पहिल्या वर्षात ३०, तिसऱ्यात ७०. पहिल्या विभागाची सरासरी पहिल्या वर्षी ६.२, तिसऱ्या वर्षी ७.८. दुसऱ्याची ६.० आणि ७.५. दोन्ही वर्षांत पहिला विभाग पुढे. आता सगळ्या मुलांची मिळून सरासरी काढा. पहिला विभाग: ४९६ अधिक १५६, भागिले १००, म्हणजे ६.५२. दुसरा: १८० अधिक ५२५, म्हणजे ७.०५. दोन्ही वर्षांत पुढे असलेला विभाग एकूण आलेखात अर्ध्या पॉइंटाने मागे!

दुसऱ्या विभागात वरच्या वर्गातली मुलं जास्त, आणि वरच्या वर्गात गुण जास्त मिळतात, एवढंच त्याचं कारण. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. याचं गाजलेलं उदाहरणही एका विद्यापीठाच्या विभागांचंच आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी ८४४२ पुरुषांनी अर्ज केले आणि ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. ४३२१ स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. स्त्रियांवर अन्याय होतो आहे असं उघड दिसत होतं. विभागवार पाहिल्यावर चित्र बदललं. सगळ्यात मोठ्या विभागांपैकी एकात ८२५ पुरुषांतल्या ६२ टक्क्यांना आणि १०८ स्त्रियांतल्या ८२ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. जिथे प्रवेश मिळणंच अवघड, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. १९७५ साली हे विश्लेषण ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं.

उपाय साधा आहे. सगळ्या विभागांना प्रत्येक वर्षाचं वजन सारखं द्या. वरच्या उदाहरणात दोन्ही वर्षांना निम्मं वजन दिलं तर पहिला विभाग ७.०, दुसरा ६.७५. एकत्रित आकडा द्यायचाच असेल तर असा द्या. आणि त्याच्यासोबत वर्षवार आकडे हवेतच.

इथपर्यंत फक्त मापं जुळली. एका विभागात मुळातच जास्त तयारीची मुलं येतात का, हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी शोधावं लागतं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणिताचा पेपर बहुतेक शाखांना एकच असतो आणि विद्यापीठाच्या लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिका कॅप सेंटरवर (केंद्रीय मूल्यांकन केंद्रावर) बाहेरचे परीक्षक तपासतात, म्हणजे विभागाच्या हाताबाहेर. कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात हेच काम सक्तीच्या इंग्रजीने किंवा सामाईक पेपरने होतं. समजा गणिताच्या ७० गुणांच्या लेखीत संगणक शाखेची सरासरी ४१ आणि यंत्र शाखेची ३३ आहे, आणि तिसऱ्या वर्षीचे एसजीपीए ७.६ आणि ७.३ आहेत. सुरुवातीला एवढं अंतर असताना शेवटी ते इतकं कमी का झालं, हा प्रश्न आता विचारता येतो. यंत्र शाखेने मुलांना वर खेचलं असेल, किंवा तिथले विषय सढळ असतील, किंवा कच्ची मुलं गळाली असतील. शेवटची शंका सहाव्या पायरीवरून फिटते. उरलेल्या दोघींसाठी पुढची पायरी.

८. विषय कडक की मुलं कच्ची?

प्रत्येक मुलाचे एका विषयातले टक्के घ्या आणि त्यातून त्याच मुलाची बाकीच्या विषयांतली सरासरी वजा करा. एखाद्या मुलीला यंत्ररचनेत ६२ आणि बाकी विषयांत सरासरी ५५, तर शिल्लक अधिक ७. वर्गातल्या सगळ्यांची अशी शिल्लक काढून तिची सरासरी घ्या. एखाद्या विषयात ती वजा ९ आली, तर त्या विषयात हुशार मुलंही स्वतःच्या मानाने मागे पडली आहेत. वर्ग कच्चा होता, हे कारण तिथे चालत नाही, कारण प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच झाली आहे.

पेपर अवघड होता, तपासणी कडक होती की शिकवणं कमी पडलं, हे मात्र या आकड्यावरून ठरत नाही. एकाच पेपरचे शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांचे निकाल मिळाले तर बघा. तिथेही तो विषय एवढाच खाली असेल, तर तुमच्या शिक्षकाला खुलासा मागू नका.

विभागांमध्ये हीच पद्धत वापरायची तर दोन विभागांना जोडणारी मुलं लागतात. नव्या रचनेतला खुला ऐच्छिक विषय इथे फार कामाचा आहे. अर्थशास्त्राच्या चाळीस मुलांनी मानसशास्त्राचा खुला विषय घेतला, तर त्या चाळिसांचे दोन्हीकडचे गुण शेजारी ठेवता येतात. मात्र मुलं असा विषय अनेकदा ‘गुण मिळतात’ म्हणूनच निवडतात, हे ध्यानात ठेवा.

विभागांमधला हा सढळपणा-कडकपणा जगभर डोकेदुखी ठरलेला आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ साली ए श्रेणीचे ग्रेड प्रत्येक विभागात ३५ टक्क्यांच्या आसपास राहावेत असं धोरण आणलं आणि २०१४ साली मागे घेतलं. वरून टक्का ठरवून देण्याच्या मी विरोधात आहे. आकडे विभागाला दाखवले, तर बहुतेक शिक्षक स्वतःच विचार करतात.

९. सरासरीच्या मागची गर्दी बघा

प्रत्येक वर्गाचा गुणांचा आलेख एकदा तरी काढा: ० ते १०० पर्यंत एकेका गुणावर किती मुलं. तुम्हाला ३७, ३८, ३९ जवळजवळ ओसाड दिसतील आणि ४० वर एकदम झुंबड. ती ग्रेसची, म्हणजे काठावरच्या मुलांना दिलेल्या वाढीव गुणांची, खूण आहे. मग अंतर्गत आणि लेखी वेगळे करा. ३० पैकी २७-२८ वर अख्खा वर्ग बसलेला आणि ७० पैकी लेखीत तोच वर्ग १५ ते ६० मध्ये पसरलेला, असं दिसलं तर विभागाच्या सरासरीतला बराचसा भाग अंतर्गत गुणांनी उचललेला आहे. विभागांची तुलना तेव्हा लेखीवरच करा.

सरासरीशेजारी मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, लिहा. दोघांत अर्ध्या पॉइंटाचं अंतर असेल तर वर्गात दोन गट पडलेले असण्याची शक्यता मोठी. प्रमाण विचलनही (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) लिहा, कारण लहान विभागांसाठी ते लागतं. संस्कृतच्या वर्गात ९ मुलं आणि प्रमाण विचलन १.२ असेल, तर ९ च्या वर्गमूळाने भागून येतात ०.४, सरासरी त्याच्या दुपटीने, म्हणजे ०.८ ने इकडेतिकडे होणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. शंभर मुलांच्या वर्गाला हाच आकडा ०.२४ येतो. लहान विभागाच्या सलग तीन बॅचेस एकत्र करा आणि मगच बोला.

१०. तक्ता मांडताना

स्तंभांच्या उंचीची उतरंड लावू नका. विभाग मराठी वर्णक्रमाने लिहा. सरासरी दशांशाच्या एकाच स्थानापर्यंत द्या, ६.८२ आणि ६.७९ मधला फरक कोणालाही काही सांगत नाही आणि तरीही त्यावरून पहिला-दुसरा ठरतो. प्रत्येक सरासरीखाली लहान अक्षरांत चार आकडे: पट किती, परीक्षेला बसले किती, सगळ्या विषयांत सुटले किती, मागच्या वर्षापासून गळाले किती. तक्त्याच्या तळाशी फाइलची तारीख, निकाल पुनर्मूल्यांकनाआधीचा की नंतरचा, आणि नापास विषय कसा धरला हे एका ओळीत.

आणि तक्ता प्राचार्यांकडे जाण्याआधी तीन दिवस विभागप्रमुखांकडे जाऊ द्या. चूक सापडली तर ती त्यांनाच सापडते. आता आमच्याकडे हा तक्ता सर्वांत आधी त्याच सरांकडे जातो. ते पेन्सिल घेऊन बसतात आणि आधी पट आणि गळतीचे रकाने हजेरीपटाशी ताडून पाहतात. गेल्या खेपेला त्यांनी दोन पीआरएनभोवती गोल केला होता. दोन्ही मुलं शाखा बदलून दुसऱ्या विभागात गेली होती आणि मी ती गळालेल्यांत मोजली होती.